घड्याळाची शिंगं

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

घड्याळ घरी आणावं लागलं. मी ज्यांच्या घड्याळांच्या नोंदी ठेवते त्या मस्यू त्रिपे यांच्या संग्रहातलं, गुलाबी सोन्याचं, तेच! क्रोनोग्राफचं, म्हणजे सेकंद मोजायच्या जादा काट्याचं, खालचं बटण अडकतं, काटा शून्यावर परतत नाही; म्हणून जिनिव्हाहून इथल्या कारागिराकडे माझ्याबरोबर पाठवलं. बर्फामुळे गाडीला उशीर झाला, दुकान बंद. आता सोमवारपर्यंत ते आमच्या कपाटात. किल्ली नेहमीच्या जागी, साखरेच्या डब्यात ठेवली. बापापासून किल्ली लपवायची लाज वाटली.

शनिवार, ९

पापांना घड्याळ दाखवलं. जन्मभर कारखान्यात घड्याळांची सोन्याची कवचं पॉलिश केलेला माणूस. हल्ली नावं विसरतात, गेलेल्या आईला हाक मारतात. पण घड्याळ हातात घेतल्याबरोबर अंगठा बरोबर कडेवर गेला. “मळलंय बिचारं,” म्हणाले.

मी समजावलं. संग्राहकांना असंच हवं असतं, कुणी न घासलेलं. पट्टा धरणाऱ्या चारही शिंगांची धार अजून नखाला लागते. सोन्याची शुद्धता सांगणाऱ्या शिक्क्यातल्या इवल्याशा बाईचं नाकसुद्धा शाबूत आहे. अर्धं आयुष्य शोधल्यावर मस्यूंना असं हे एकच मिळालं.

“म्हणजे आम्ही जन्मभर घासलं ते चुकलंच म्हणायचं?” हसून विचारलं त्यांनी.

घरात शिकलेली मी पहिली, तीही त्यांच्या घासण्यावर. आणि त्यांना हे शिकवतेय!

रविवार, १०

चर्चहून आले तर स्वयंपाकघरात पापांचं जुनं पॉलिशचं चाक फिरत होतं.

सोमवार, ११

आरशासारखं झालंय. कुठे एक ओरखडा नाही. शिंगं साबणाच्या वडीसारखी गोल. भिंगाखाली पाहिलं — बाईचं नाक गेलं, कपाळ गेलं, नुसता एक ठिपका उरलाय.

पापा मात्र शीळ घालतायत! कित्येक महिन्यांनी. काल लीकची कांद्यासारखी पात घातलेलं सॉसेज पानात टाकलं नाही, पाव पुसून खाल्ला. “तुझ्या साहेबांना सांग, फुकट केलंय.”

न्हाणीघरात नळ सोडून रडले.

आधीच तसं होतं, असं सांगावं का? माझ्याशिवाय त्याची नोंद कुणी केली होती? असले विचारही आले. शेवटी मस्यूंना फोन केला, सगळं खरं सांगितलं. मग म्हणाले, “शिंगंसुद्धा?”

“हो.”

“शिक्का?”

“गेला, मस्यू.”

बुधवारी येतो म्हणाले. नोकरी गेली हे धरूनच चालले आहे. त्याचं एवढं नाही. मस्यू पापांच्या तोंडावर काही बोलले तर? एवढं एकच शिल्लक आहे त्यांच्याकडे, आपला हात चांगला हे.

मंगळवार, १२

झोप नाही. बर्फ.

बुधवार, १३

आले. काळा कोट, हातमोजे. दारातच मी पुन्हा माफी मागायला लागले, त्यांनी नुसता हात वर केला.

पापांनी घड्याळ मऊ कातड्यावर मांडून ठेवलं होतं. “काय साहेब, घड्याळं गोळा करता की धूळ?”

धरणी दुभंगावी असं मला वाटलं. मस्यूंनी मोजे काढले, घड्याळ उचललं, चारही शिंगांवरून हळूच बोट फिरवलं. डोळे क्षणभर मिटले.

“दोन्ही,” म्हणाले. “आज धूळ तुम्हाला देऊन चाललो. सुरेख झालंय.”

पापांनी त्यांना कॉफी पाजली, वर चेरीची दारूही. मस्यूंनी घासण्याची पद्धत विचारली, आधी कोणतं चाक, मग कोणतं. पापा एकही नाव विसरले नाहीत!

जिन्यात मस्यू मला म्हणाले, “मादमुआझेल, सोमवारी कामावर या. फक्त इथे पुन्हा काही आणू नका.” कठड्याला धरून उतरले. एकदम म्हातारे दिसले.

गुरुवार, १४

सकाळी स्वयंपाकघरात चाक नव्हतं. पापांनी ते खोलून तळघरात नेऊन ठेवलंय.

माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझे साहेब खोटं छान बोलतात. धार जाताना मला दिसत होती गं. हात थांबेनात.”

मग म्हणाले, “मला सोन्याजवळ एकटं सोडू नकोस.”