दोघांची सतरंजी

इचलकरंजी,
ता. १२ मार्च १९८७

ती. दादास,

दंडवत मागनं घे, आधी हे ऐक. ह्याही पत्रात तू तेच लिहिलंस, की आबासाहेबानं डाव केला म्हणून दुष्काळात गावाचा सरकारी चारा गेला. तीन पत्रं झाली, एकच गाऱ्हाणं. आता पुरे कर.

मी बरा हाय. मागावर बारा तास उभं ऱ्हावं लागतं, पाय सुजत्यात. खडखडाटात कुणाचं काही ऐकू येत न्हाई. तरी कापड निघतंय, कारण समोर येऊन हातानं खुणा करत्यात.

आपल्या दूध संस्थेचं आठव. आबासाहेब चेअरमन, तू व्हाइस चेअरमन, अन् तुमचा दोघांचा अबोला, म्हणून दोन वर्षं मीटिंग न्हाई. मी शिपाई, ठरावाचं बुक बगलेत मारून घरोघर सह्या गोळा करायचो. तू न वाचताच सही करायचास अन् विचारायचास, "काय म्हणत होतं म्हातारं?" तिकडं आबासाहेबांकडंबी तेच, "बोल की बे, तुझा भाऊ काय बरळला?" दोन्हीकडं चहा मिळायचा. चौथी नापासाला तेवढाच मान. मीबी तिखटमीठ लावून सांगायचो. मीटिंगला अंथरायची संस्थेची सतरंजी उंदरांनी खाल्ली, कुणाला पत्ता न्हाई.

हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच.

चारा गेला त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आबासाहेबांनी बुक मिटलं अन् म्हणाले, "शहादेव, निवृत्तीला सांग, माझंच चुकलं. उद्या तालुक्याला दोघांनी समक्ष सही करायची हाय, तरच चारा मिळंल. पहिल्या गाडीला नेकनूरच्या स्टँडवर मी थांबतो. म्हणावं, जनावरापुढं कसला आलाय मान."

मी सांगितलं न्हाई.

सकाळीच तू चारचौघांत म्हणला होतास, "ह्याला काय कळतंय, सह्या आणायचा गडी." ते डोक्यात होतं. तू विचारलंस, तवा मी म्हणालो, "तुझ्याबिगर अडत न्हाई म्हणले."

आबासाहेब दुपारपर्यंत स्टँडवर बसून माघारी आले. चारा दुसऱ्या गावाला गेला. आपली कपिली गाय बाजाराला निघाली, तवा वहिनी वेशीपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून चालली. दुसऱ्या दिवशी मी गाव सोडलं. तुला वाटलं, कामासाठी गेला.

आबासाहेबांनी मला कधी विचारलं न्हाई, निरोप दिलास का म्हणून. त्यांना वाटतं तू आला न्हाईस. तुला वाटतं त्यांनी बोलावलंच न्हाई. मधी मी होतो, दादा.

हे पत्र त्यांच्याकडं घेऊन जा. कुणाच्या हाती धाडू नको, तू जा. मला शिव्या दोघं मिळून द्या.

वहिनीला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझा,
शहादेव

ता.क. मी पोस्टात म्हणलं, दोघांच्या नावानं एकच मनीऑर्डर करा, दोघांच्या सहीबिगर देऊ नका. बाबू हसला, म्हणला तसं नसतंय. म्हणून दोन केल्या. सतरंजी साठ रुपयाला येती. तुला तीस, त्यांना तीस.