साहेबांचं जेवण होईपर्यंत

नाना, तुमचा लाडका शब्द परवा मी गारखेड्याच्या शिकवणीत फळ्यावर लिहिला. सॉरी. पोरांना सांगितलं, हा शब्द मुळात माफीचा नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो जखमेच्या, ठणक्याच्या शब्दापासून निघाला. ज्याचं स्वतःचं काळीज दुखतंय, तो सॉरी. पुढं त्याला दीनवाणा, भिकार असाही अर्थ चिकटला. हे सांगताना मला तुम्हीच दिसलात, हात जोडून उभे.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली आणि तुमचं ‘माफी चाहता हूँ, हुजूर’ जाऊन ‘सॉरी सर’ आलं. वा रे वा! कंबर तशीच वाकायची, बदलला तो फक्त शब्द. कचेरीत आलेले नवे साहेब आपल्याकडं जेवायला यायचे होते, त्याच सकाळी आईचे वडील गेले. पिशोरहून त्यांचा गडी निरोप घेऊन आला, तर तुम्ही त्याला दारातच धरलंत. काय म्हणालात ते त्यानंच पुढं आईला सांगितलं. "आत्ता बोलू नको. तिला सुतक लागलं तर तिच्या हातचं साहेब कसं जेवतील? ऐकलं नाय तोवर सुतक नाय." केवढी ती अक्कल!

आई पुऱ्या तळत होती. माहेरचा माणूस बघून हरखली. "आबा बरे हैत ना रं?" गड्यानं तुमच्याकडं पाहिलं. "व्हय, बरे हैत," म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. आईनं त्याला गरम पुरी दिली, ती त्यानं हातातच धरून ठेवली.

साहेबांना वरण खारट लागलं. "सॉरी सर, लई सॉरी!" केवढी तारांबळ तुमची. साहेब हात धुऊन जीपमध्ये बसले, तेव्हा कुठं तुम्ही आईला सांगितलंत. ती पिशोरला पोचली तोवर चिता विझत आली होती. बापाचं तोंड बघायला मिळालं नाही तिला. आणि तिला, तुमच्या बायकोला, काय म्हणालात? "झालं ते झालं." तुमचं सॉरी मिठासाठी होतं. लाज वाटते मला तुमची, आजही.

आई त्यावर कधी बोलली नाही. पुढं तुम्ही वैजापूरला बदलीच्या गावी वारलात, तेव्हा कचेरीतला शिपाई निरोप घेऊन आला. आम्ही मायलेकी नुकत्याच ताटावर बसलो होतो. त्याचा चेहरा बघूनच आईनं ओळखलं. "बाई, नाना..." त्यानं सुरुवात केली.

"थांब. जेवण होऊ दे माझं. ऐकलं नाय तोवर सुतक नाय."

भाकरीचा शेवटचा तुकडा तिनं सावकाश चावून खाल्ला, हात धुतला, पदराला पुसला. मग म्हणाली, "हां, सांग आता."

तेव्हा मनात म्हणाले, शाब्बास आई! आजही तेच म्हणते. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून एवढंच सांगून टाकते: त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.