दोन चुली, एक मांजर

डोंबिवली, ६ जानेवारी १९५४
कल्याणच्या पांजरपोळातून मांजर आणली. करडी, पाचसहा महिन्यांची, एक कान फाटका. पिशवीत घालून, तोंड झाकून आणली, म्हणजे परतीची वाट ओळखत नाही. चुली वेगळ्या झाल्यापासून माझ्या खोलीत उंदीर फार, हे खरं. पण ह्यांची रात्रपाळी, आणि सासूबाई जेवायला-झोपायला थोरल्या जाऊबाईंकडे. मला माझं असं कोणी हवं होतं, हेही खरं.
सासूबाई म्हणाल्या, नवी मांजर चुलीपुढे तीनदा ओवाळली की घर सोडत नाही. मी पाय धुऊन येईतो त्यांनीच ओवाळूनही टाकली. नाव चिंगी.

९ जाने.
दूध पिते माझं, बसते जाऊबाईंच्या चुलीपाशी. आज कळलं, सा.बां.नी ओवाळली ती तिथेच! विचारलं तर म्हणाल्या, "अगं, घराची चूल तीच ना?"
मग माझी शेगडी कोणाची? जेवण गेलं नाही.

१५ जाने.
जाऊबाई तांदूळ निवडतायत, चिंगी मांडीवर डोळे मिटून. मला म्हणतात, ने ना, तुझीच आहे. त्यांचं हे मोठं मन मला अजिबात सोसत नाही. सुकट भाजून हाका मारल्या. आली, खाल्ली, तोंड पुसलं, परत तिकडे. अंगाचा नुसता तिळपापड.

२२ जाने.
जाऊबाई हळदीकुंकवाला गेल्या. चिंगीला उचललं नि माझ्या शेगडीपुढे ओवाळलं. दोनदाच झालं, तिसऱ्यांदा ओरबाडून पळाली. मागे वळले तर दारात सा.बा. उभ्या. बघितलं नि तशाच आत गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० जाने.
थोरल्या भावोजींची नाशिकला बदली. ती चूल जाणार म्हणून मला आनंद झाला, लाजसुद्धा वाटली नाही. संध्याकाळी तो आनंद उतरला. चिंगी झोपते ती सा.बां.च्या गोधडीत. त्या जातील तिकडे ती जाणार. नि त्या कुठे जाणार, हे घरात कोणी विचारतच नाही. ह्यांना म्हटलं तुम्ही विचारा. म्हणाले, आईचं आई बघेल.

१३ फेब्रु.
जाऊबाईंचं सामान बांधून झालं. सा.बां.ची ट्रंकही त्यातच, वर त्यांची गोधडी. म्हणजे ठरलंच असणार. जाऊबाईंनी मला सांगितलंसुद्धा नाही. मला वाटलं, आत्ता जाऊन ती ट्रंक ओढून आणावी. कसली ओढते.
दुपारी सा.बा. एकट्या होत्या, चिंगी पायाशी. धीर करून म्हटलं, "आई, तुम्ही इथे राहा ना."
मग म्हणाल्या, "मांजरीसाठी म्हणतेस, की माझ्यासाठी?"
मी चिंगीकडे बघितलं. त्या थांबल्या होत्या, उत्तराची वाट बघत. तेवढ्यात जाऊबाई आल्या.
गाडी उद्या सकाळची आहे.