पाणी न होणारा बर्फ

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
आज ऑफिसात बसलो. कोल्ड स्टोअरमध्ये दोन वर्षं कोळंबीचे ट्रे उचलले, ते संपलं. निर्यातीचे कागद करणाऱ्या मृणाली मॅडम बहिणीच्या लग्नाला जाणार आहेत. जपानच्या पार्टीला विमानाने कोळंबीचं सँपल जायचंय, त्याचे कागद मी करायचे. चिंतामणी साहेब म्हणाले, सँपल नीट पोचलं तर तू कायमचा वर ऑफिसात, नाही पोचलं तर परत खाली. म्हटलं, साहेब, पोचलं समजा. म्हणाले, समजायचं नाही, पोचवायचं.
मंडणगडला फोन केला. आईला सांगितलं, ऑफिसर झालो. आई म्हणाली, खुर्ची तरी आहे ना रे? आहे. एक चाक नाही, पण खुर्ची आहे.
आमच्या वाडीतली सगळी पोरं मुंबईला पळाली. मी आणि निलेश दोघेच उलटे रत्नागिरीला आलो. तेव्हा हसले. आता कळेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मॅडमनी शिकवलं. कोळंबी गोठलेली राहावी म्हणून पेटीत ड्राय आइस घालतात. विमानात तो धोकादायक माल धरतात. म्हणून कागदावर त्याचं नाव, नंबर, वजन. पेटीवर काळ्या पट्ट्यांचा चौकोनी स्टिकर. कागदावरचं वजन आणि पेटीवरचं वजन एकच पाहिजे, खाडाखोड चालत नाही. नंबर यूएन १८४५. विचारलं, यूएन म्हणजे ते युनोच का? म्हणाल्या, हो, तेच. म्हणजे माझं अक्षर आता युनोत. मला मराठीत नापास करणाऱ्या बाईंना हे कोणीतरी कळवलं पाहिजे.
मॅडमनी वाचायला दोन पानं दिली. वाचत बसलो तर काम कधी शिकणार. ड्रॉवरमध्ये नीट ठेवली आहेत.
बर्फाला बोट लावून बघितलं. भाजलं. हे कोणी सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणतात सांगितलं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार
मॅडमना हुशारीचा प्रश्न विचारला. पेटीत ह्याचं पाणी साठलं तर? म्हणाल्या, ह्याचं पाणी होतच नाही, म्हणून तर ड्राय म्हणतात. पुढे आणखी काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात चहा आला. मुद्दा कळला. हा बर्फ वितळत नाही. घातला तेवढा राहतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
ट्रायलची पेटी भरली. बारा किलो बर्फ, काट्यावर स्वतः बघून. पेटी रात्रभर स्टोअरच्या बाहेर पॅसेजमध्ये ठेवायची. तिथे निलेशची नाइट आहे. तो म्हणाला, काय ऑफिसरसायेब, पेटीला सलाम ठोकू काय? जळतो. चालायचंच. खोलीवर भात तोच लावतो, म्हणून बोललो नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी
पेटी काट्यावर ठेवली. बर्फ साडेआठ किलो.
साडेतीन किलो गेला. पेटीखाली हात फिरवला, थेंब नाही. पाणी होत नाही हे खुद्द मॅडमचं वाक्य. म्हणजे वितळला नाही. म्हणजे नेला. रात्री तिथे माणूस एकच.
एका वाडीतला, एका खोलीतला. लिहायलासुद्धा जड जातंय.

दुपारी
दर तासाला पेटी उघडून बघतोय. दर वेळी कमीच. दिवसाढवळ्या. निलेश तर खोलीवर झोपलेला असणार. म्हणजे त्याची टोळी आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
चौकशी सुरू. निलेशच्या बोटाला चिंधी. विचारलं, तर म्हणाला शिंगाळा माशाचा काटा लागला. बर्फाने भाजलं तेव्हा मीही चिंधीच बांधली होती. दुसरा पुरावा, काल त्याने कोकम सरबत दिलं. गार होतं. खोलीत फ्रिज नाही. म्हणतो माठातलं पाणी. प्यायलो, पण लक्षात ठेवलं.
मॅडम आज सुट्टीवर गेल्या. जाता जाता म्हणाल्या, झाकणाला सगळीकडून टेप मारू नकोस, फट ठेव, गॅस बाहेर जायला पाहिजे. मान हलवली. कसला गॅस? आत कोळंबी आहे, सिलिंडर नाही. फट ठेवून फायदा कोणाचा? हात आत घालणाऱ्याचा. मॅडमसुद्धा. लग्नाचं खरं की खोटं तेही आता बघायला पाहिजे.
म्हणे धोकादायक माल. माल कोणाला धोका देत नाही. धोका माणूस देतो.

१० नोव्हेंबर, सोमवार
निलेशची नाइट संपली, आजपासून दिवसा. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारलं. निलेश, बर्फ कुठे विकतोस? तो आधी हसला. म्हणाला, हर्ष्या, मी बर्फ नेऊन करू काय, गोळ्याची गाडी लावू? पोरं हसली. त्यालाच हसली असावीत. मी म्हटलं, बोटाची चिंधी सोडून दाखव. मग तो हसला नाही. म्हणाला, तुझ्या आवशीने निघताना माझा हात धरून सांगितलंय पोराकडे बघ म्हणून, नायतर आता दिली असती. डबा तसाच टाकून उठला.
गुन्हेगाराला जेवण जात नाही. त्याचा डबा मी संपवला. वाया कशाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज खरं सँपल. उपाय मीच काढला. पेटी सरळ निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवली. त्याचं झाकण रबराचं, वरून लोखंडी पट्टी आवळता येते. आवळली. कुलूप घातलं. फट शून्य.
काट्यावर बारा, कागदावर बारा, ड्रमवर बारा. स्टिकर सरळ. खाडाखोड नाही. साहेब सही करताना म्हणाले, ड्रम कशाला रे? म्हटलं, सिक्युरिटी. ते फोनवर होते, हात हलवला.
दुपारी धोंडूमामा गाडी घेऊन मुंबईला निघाले. त्यांना बजावलं, वाटेत कोणी उघड म्हणाला तरी उघडायचं नाही. उघडणार कसं म्हणा, किल्ली माझ्या गळ्यात. विमानतळावरचे लोक उघडणार कसं, हा प्रश्न आत्ता लिहिताना पडला. त्यांच्याकडे असेल काहीतरी.
आईला फोन केला. म्हटलं, पोचलं समज.

संध्याकाळी
धोंडूमामांचा फोन. परशुराम घाटात मागे धडाम झालं. त्यांना वाटलं टायर गेला. दार उघडून बघतात तर ड्रमची पट्टी फाटलेली, झाकण टपाला आपटून वाकलेलं, कोळंबी सगळ्या गाडीभर. मला म्हणाले, बॉम्ब भरलास काय बाबा, मला नातवंडं आहेत. कोणाला लागलं नाही.
कुलूप मात्र शाबूत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
साहेबांनी मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. मागे सनई वाजत होती, म्हणजे लग्न खरं होतं. मॅडम म्हणाल्या, त्या बर्फाचं पाणी होत नाही, थेट गॅस होतो. वजन रोज उतरतं. कोंडला तर फुटणारच. मी ह्याला सगळं सांगितलं होतं. साहेब माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, साहेब, अर्धंच सांगितलं. साहेब म्हणाले, अर्धं तू ऐकलंस.
सँपल आता मॅडम आल्यावर त्या पाठवणार. मी उद्यापासून खाली.
मॅडमनी धोका दिला. साहेबांनी दिला. बर्फाने तर पहिल्या रात्रीपासून दिला. हवेने जाणारा माल म्हणाले होते. मालच हवा होऊन जाईल असं कोण बोललं होतं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
परत ट्रे. निलेश समोरच्या टेबलावर. पाठ माझ्याकडे.
ठरवलं, मन मोठं करायचं. सुट्टीत जवळ जाऊन म्हटलं, निलेश, तुला मी माफ केलं. त्याने विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, एकंदरीत. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ट्रे सरकवला.
उद्यापर्यंत निवळेल.

१६ नोव्हेंबर, रविवार
निलेश खोली सोडून गेला. मिरकरवाड्याला दुसऱ्या पोरांबरोबर राहणार म्हणे. मी झोपलो होतो, उठवलंही नाही. एका वाडीचा माणूस असा वागतो. मी काही म्हणणार नाही.
आईचा फोन आला. ऑफिस कसं आहे? म्हटलं, एकदम थंड. खूश झाली. मग म्हणाली, निलेशला दे जरा. म्हटलं, कामावर आहे. रविवारी? म्हटलं, हो, ओव्हरटाइम.
कोणावाचून काही अडत नाही. आजपासून स्वतःचं स्वतः करणार. तांदूळ निवडले, तीन पाण्यांनी धुतले, मापाने पाणी घातलं. ठेवायला गेलो तेव्हा कळलं, शेगडी निलेशची होती.