दारावरचं नाव

मंगळवार, गोडादरा. दिवेलागणीची वेळ.

डोकं अजून तडकलेलंच आहे. शाळेतून घरी आले तर बँकेचा माणूस दाराला नोटीस चिकटवत होता, बरोबर आमच्या यांच्या नावाच्या पितळी पाटीखाली. मला बघून म्हणाला, "बेन, भाई घरी आहेत?" मी म्हटलं, आधी नोटीस कुणाच्या नावावर आहे ते वाचा. त्याने वाचलं. "हां, तुमच्याच. पण बोलायचं कुणाशी?"

घर माझ्या नावावर का, तर बाईच्या नावाने घेतलं की नोंदणीची फी माफ. सोसायटीतली निम्मी घरं अशीच बायकांच्या नावावर आहेत. मी दाखवतील तिथे सह्या केल्या आणि फाइल यांच्या कपाटात गेली. तेव्हापासून प्रत्येक भांडणात एकच वाक्य: "घर तुझ्या नावावर केलंय, अजून काय पाहिजे?" हप्ते पाच महिने भरलेले नाहीत, हे मात्र मला आज दारावर वाचून कळलं. कायद्याने मालकीण मी, कर्जदारही मी. मग मला सांगायचं कुणाला का सुचलं नाही? आणि मी तरी फाइल कधी का मागितली नाही? वर्गात मुलांना रोज सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका.

ती पाटीसुद्धा दर दिवाळीला मीच घासते.

हे पलसाण्याच्या मिलमधून आले आणि दारातच म्हणाले, "फाड ते, शेजारी बघतील."

म्हटलं, राहू द्या. बारा वर्षांत या दारावर माझं नाव पहिल्यांदाच लागलंय.