बाटलीतले पाणी

दादा,

सकाळपासून बाबांचा ट्रक मुका आहे. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. तू फोनवर सांगितल्याप्रमाणे फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून डिझेल बाटलीत काढले. निम्मे पाणीच निघाले, इतके नितळ की त्यातून मला माझी बोटे दिसली. बाटली खिडकीत ठेवली आहे.

पंपवाल्याशी भांडायला जाऊ नकोस. अंगणातला पाण्याचा पांढरा कॅन रिकामा आहे आणि डिझेलचा काळा कॅन अजून भरलेला. डिझेल समजून टाकीत पाणी बाबांनीच ओतले. याच डोळ्यांनी ते दुपारी घाट उतरणार आहेत.

टाकी धुऊन, हवा काढून गाडी चालू करणे तुझ्या हातचा मळ आहे. तरी विनवते, आज ती दुरुस्त करू नकोस. "कसला रे मेकॅनिक तू?" असे बाबा म्हणतील, ऐकून घे. ही चिठ्ठी तुझ्यासाठी ठेवून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांची वेळ ठरवायला जाते आहे.

आत्ताच त्यांना विचारले, "बाबा, कोणता कॅन ओतलात?" त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला, पाहिले. मग भिंत चाचपत खुंटीवरची किल्ली काढली आणि ट्रककडे निघून गेले.