चपट्या भोकांची लादी

सेडम, १२ फेब्रुवारी १९८४

ती. श्रीनिवासअण्णास राजूचा शि. सा. न.

ह्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. खाणीत उत्तरेच्या कड्यातली वरची शिळा तुटून पडली. मालक गुंडप्पा सांगायलाय की चुनखडीला भोकं असतेतच, ह्यांनीच पहार चुकीची मारली. खाणीची खोली सोडा म्हणायलाय. बाळ अजून अंगावर पितंय, कुठं जाऊ? लई भ्या वाटतंय. त्या गुंडप्पाचा बी पाय जावा वाटतंय, देवाशप्पत. शिवरात्रीनंतर पंच बसणार हायत. तू त्याच खाणीचे दगड नेऊन शिकायलास, येऊन सांग की.

तुझी राजू

गुलबर्गा, १९ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. राजूस अ. उ. आ.

राघोबाच्या पायाचं वाचलं. असल्या चुनखडीच्या पोटात कुठं कुठं तेल साठतं. तिच्यातल्या भोकांच्या आकारावर ती किती दाब सोसते, हेच मी बघायलोय. दगडासारखे नमुने करतो. सिमेंटात सारख्याच वजनाचं मेण, एकात गोळ्या करून, एकात पापड्या करून. तापवलं की मेण गळतं, भोकं राहतात. गोल भोकांची लादी खणखणते. चपट्या भोकांची बद्द वाजते अन् लवकर मोडते. तुमच्या खाणीच्या उत्तरेच्या कड्यात चपटीच आहेत. खाली माणसं घालू नका, असं मी गुंडप्पाला दिवाळीतच सांगितलं होतं.

पण पंचात मला बोलावू नकोस. त्यानं दगड द्यायचे बंद केले तर माझं सगळं शिक्षण बुडेल. भाच्याला पापा. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा अण्णा

सेडम, ८ मार्च १९८४

ती. अण्णास नमस्कार.

तू आला न्हाईस. मेणबत्त्या वितळवून मीच दोन लाद्या केल्या, पाटाएवढ्या, एक गोल भोकांची, एक चपट्या. पंचासमोर विटांवर ठिवल्या. गुंडप्पा हसला, कितवी शिकलीस म्हणला. भोक ते भोक, गोल काय अन् चपटं काय, म्हणला.

बाळाला कडेवर घेऊन मी गोल भोकांच्या लादीवर उभारले. लादी हालली न्हाई. मग त्याला म्हणलं, सगळी भोकं सारखीच असतील तर ह्या दुसरीखाली तुमचा पाय घाला, मी वर उभारते.

त्यानं चप्पल काढली. लादीकडं बघितलं. परत घातली.

रेवणसिद्धप्पा पंचानं इचारलं, कामून भ्यालास? तवा त्याच्याच तोंडून निघालं की हिच्या भावानं दिवाळीत सांगितलंय चपटी मोडते म्हणून. म्हंजे ठावं असून खाली माणसं घातलीस, पंच म्हणले. खोली ऱ्हायली, ह्यांना पोसायचं बी त्याच्याच गळ्यात पडलं.

पाय काढून घ्यायला त्याला टाइम घावला. ह्यांना न्हाई घावला. चपटी लादी त्याच्या दारात पुरून आले. रोज जपून पाय टाकू दे.

गोल भोकांची तुला बसनं धाडायलेय. तिच्यावर उभारायला शीक. माया ठिव म्हणत न्हाई. ठिवलास तर ठिव.

राजू